भीमाकाठच्या शिळांचे कोडे : कर्नल मेडोज टेलर

गुलबर्ग्याहून दक्षिणेस भीमा ओलांडून जेवर्गी, शहापूर आणि शोरापूर या भागात गेले की काळ्या मातीच्या सपाट शेतांतून मधूनच खडकाळ टेकड्या डोके वर काढतात. या टेकड्यांच्या पायथ्याशी, माळावर, क्वचित शेताच्या बांधालगत मोठमोठ्या दगडांची वर्तुळे दिसतात. कोठे चार प्रचंड फरश्या उभ्या करून त्यांवर पाचवी आडवी ठेवलेली असते. एखाद्या फरशीला वाटोळे भोकही असते. हे दगड कोणी उभे केले, कशासाठी, आणि यंत्रांचा आधार नसताना कसे, हे प्रश्न शतकानुशतके त्या परिसरात राहणाऱ्यांच्या मनात होतेच. त्यांनी त्यांचे उत्तरही देऊन टाकले होते. ही घरे मोर्यांची. मोर्य म्हणजे अंगाने अगदी ठेंगणे, पण ताकदीने राक्षसांसारखे असे कोणी प्राचीन लोक, अशी समजूत होती. दगडी घराचे दार इतके लहान, तर राहणारेही लहानच असले पाहिजेत; आणि शिळा एवढ्या अवजड, तर बळ अचाट असलेच पाहिजे. ही लोककथा वरवर भाबडी वाटली तरी तिच्यात एक तर्क आहे.

या कोड्याकडे शोधकाच्या दृष्टीने प्रथम पाहिले ते कर्नल फिलिप मेडोज टेलर यांनी. मराठी वाचकांना हे नाव मुख्यतः ‘कन्फेशन्स ऑफ ए ठग’ या कादंबरीमुळे आणि शिवकालावरील ‘तारा’ या कादंबरीमुळे परिचित आहे. परंतु भीमा-कृष्णेच्या दुआबातील या प्राचीन शिळांचा त्यांनी केलेला अभ्यास हा त्यांच्या आयुष्यातील तितकाच मोलाचा आणि तुलनेने कमी वाचला गेलेला अध्याय होय.

टेलर यांचा जन्म २५ सप्टेंबर १८०८ रोजी इंग्लंडमधील लिव्हरपूल येथे झाला. वडील व्यापारी होते. पुढे त्यांच्या व्यवसायाला उतरती कळा लागली. त्यामुळे शिक्षण अर्धवट सोडून मुलाला पोटापाण्यासाठी परदेशी धाडणे भाग पडले. मुंबईतील एका व्यापाऱ्याच्या पेढीत जागा ठरली आणि १८२४ साली, वयाची सोळा वर्षे पुरी होण्याच्या सुमारास, हा मुलगा मुंबईच्या बंदरात उतरला. ज्या पेढीच्या भरवशावर तो आला ती स्वतःच डबघाईला आलेली होती. एका आप्ताच्या खटपटीने त्याच वर्षी त्याला हैदराबादच्या निजामाच्या फौजेत अधिकाऱ्याची जागा मिळाली. ही फौज कंपनी सरकारची नव्हती, हा भेद ध्यानात ठेवण्याजोगा आहे. कंपनीच्या नोकरीतील मानमरातब आणि बढतीचा सरळ मार्ग टेलर यांना कधीच लाभला नाही. त्याची भरपाई त्यांनी देशी भाषांच्या आणि लोकांच्या निकट परिचयाने केली.

अठराव्या वर्षाच्या आसपास त्यांच्याकडे निजामी मुलखाच्या नैर्ऋत्य भागातील पोलिसांचे साहाय्यक अधीक्षकपद आले. तुळजापूर, नळदुर्ग, गुलबर्गा हा मराठी आणि कानडी भाषांच्या सीमेवरचा प्रदेश त्यांनी घोड्यावरून पिंजून काढला. उर्दू आणि फारसी त्यांनी आत्मसात केल्या, मराठीही बोलण्याइतकी शिकली. ठगांच्या टोळ्यांचा सुगावा त्यांना याच काळात लागला होता. पण तपास पुरा होण्याआधीच त्यांना लष्करी कामावर परत बोलावण्यात आले आणि त्या शोधाचे श्रेय पुढे कर्नल स्लीमन यांच्या वाट्याला गेले. ही खंत त्यांना आयुष्यभर राहिली. त्या अनुभवातून १८३९ साली ‘कन्फेशन्स ऑफ ए ठग’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली आणि इंग्लंडमध्ये त्यांचे नाव एकाएकी सर्वतोमुखी झाले. हैदराबादचे विख्यात सावकार विल्यम पामर यांच्या कन्येशी त्यांचा विवाह झाला होता. त्यामुळे हैदराबादच्या संमिश्र समाजाशी त्यांचे नाते अधिकच दृढ झाले.

१८४१ साली रेसिडेंट जनरल फ्रेझर यांनी टेलर यांना शोरापूरला पाठविले. शोरापूर हे बेडर नाईकांचे लहानसे पण स्वाभिमानी संस्थान. औरंगजेबाच्या अखेरच्या मोहिमेत वाकिनखेड्याच्या वेढ्याने ज्यांनी मोगल फौजेला जेरीस आणले, तेच हे घराणे. टेलर तेथे पोहोचले तेव्हा संस्थान कर्जात बुडालेले आणि अंतर्गत कलहाने पोखरलेले होते. लवकरच राजे कृष्णप्पा नाईक निवर्तले. गादीचे वारस वेंकटप्पा नाईक हे अजाण बालक होते. राणी ईश्वरम्मा, दरबारातील निरनिराळे पक्ष आणि निजामाच्या खंडणीचा तगादा या सर्वांतून मार्ग काढीत टेलर यांनी १८५३ पर्यंत संस्थानाचा कारभार पाहिला. रस्ते आखले, तलाव दुरुस्त केले आणि वाढविले. शोरापूरजवळच्या बोनाळच्या तलावाला त्यांनी बळकटी आणली. आज तेथे पक्षी-अभयारण्य असून हिवाळ्यात दूरदेशीचे पक्षी उतरतात. टेकडीवर बांधलेला त्यांचा बंगला अजूनही टेलर मंझिल या नावाने ओळखला जातो. बालराजे टेलर यांना अप्पा म्हणत. हे नाते केवळ राजकीय नव्हते; पण राजकीय सत्तेपासून ते वेगळेही करता येत नव्हते, हे पुढे दोघांच्याही वाट्याला आलेल्या दुःखातून दिसून आले.

शोरापूरच्या याच वास्तव्यात टेलर यांचे लक्ष शिळांकडे वेधले गेले. राजनकोळूर येथे उभ्या फरश्यांच्या खोल्यांचा एक मोठा समूह होता. त्यांनी प्रत्येक रचनेची लांबी, रुंदी, फरशीची जाडी आणि तोंडाची दिशा मोजली. त्यांच्या लक्षात आले की या खोल्या दोन प्रकारच्या आहेत. काहींची एक बाजू मोकळी होती. काही चारही बाजूंनी बंद असून एका फरशीला वाटोळे भोक होते. मोकळ्या खोल्यांत विशेष काही सापडले नाही. बंद खोल्यांतील माती उपसली तेव्हा राख, कोळसा, हाडांचे तुकडे आणि मडक्यांची खापरे मिळाली. मोर्यांची घरे ही जिवंतांची घरे नव्हती, मृतांची होती. ठेंगण्या माणसांची कथा येथे गळून पडली आणि त्या जागी अधिक गंभीर प्रश्न उभा राहिला: आपल्या मृतांसाठी एवढे श्रम करणारे हे लोक कोण?

त्याचे उत्तर शोधण्यासाठी ते भीमाकाठच्या जेवर्गी परिसरातील शिळावर्तुळांकडे वळले. येथे वर उभ्या फरश्या नव्हत्या. दगडांच्या एकेरी वा दुहेरी वर्तुळात दगडमातीचा ढीग तेवढा होता. त्या काळी अशा जागा उकरण्याची सर्वसाधारण रीत अशी होती की मधोमध खड्डा घ्यायचा, हाती येतील त्या वस्तू काढायच्या आणि त्या एखाद्या संग्रहालयात पाठवून द्यायच्या. वस्तू कोणत्या थरात, कोणत्या वस्तूशेजारी आणि कोणत्या स्थितीत होती, याची नोंद करण्याची गरज फारच थोड्यांना वाटे. टेलर यांनी वेगळी वाट धरली. त्यांनी ढीग उभा कापला आणि कापलेल्या बाजूवर दिसणारे थर कागदावर उतरवून घेतले: वरची सैल माती, तिच्या खालचे दगड, त्याखालील वेगळ्या रंगाची माती, मग फरश्यांची पेटी, पेटीतील सांगाडे, आणि त्यांच्या पायथ्याशी व उशाशी ठेवलेली मडकी. प्रत्येक गोष्ट जिथे होती तिथेच चित्रात दाखविली. पुरातत्त्वाच्या परिभाषेत ज्याला छेदचित्र म्हणतात ते हेच. इंग्लंडमध्ये शास्त्रशुद्ध उत्खननाचे प्रवर्तक म्हणून ज्यांचा गौरव होतो त्या जनरल पिट-रिव्हर्स यांचे क्रॅनबोर्न चेस येथील विख्यात उत्खनन १८८० नंतरचे आहे. टेलर यांचे काम त्याच्या सुमारे तीस वर्षे आधीचे.

या थडग्यांत लोखंडी भाल्यांची पाती व अन्य लोखंडी वस्तू निघाल्या. मडकी विशेष होती. बाहेरून तांबडी, आतून आणि काठाशी काळी, आणि दोन्ही अंगांनी तुळतुळीत. अशी दुरंगी मडकी कशी घडत, याचा उलगडा पुढील संशोधकांनी केला. भट्टीत मडके पालथे घातले की आतल्या भागाला आणि मातीत वा भुशात रुतलेल्या काठाला हवा मिळत नाही. तेथे मातीतील लोहाचा रंग काळपट होतो आणि धुराचा कर्ब त्यात मुरतो. बाहेरच्या अंगाला हवा लागते, म्हणून ते तांबडे भाजते. एकाच आचेत दोन रंग उतरविण्याची ही युक्ती दक्षिण भारतातील असंख्य थडग्यांत आढळते आणि त्या संस्कृतीची जणू मोहोरच ठरली आहे.

शहापूरजवळ विभूतिहळ्ळी येथे तर याहूनही चमत्कारिक दृश्य होते. तेथे थडगी नव्हती, खोल्या नव्हत्या. मोठाले धोंडे ठराविक अंतरावर, तिरप्या रांगांत, एखाद्या विराट पटावरील सोंगट्यांसारखे मांडलेले होते. टेलर यांनी या मांडणीचा आराखडा काढला. ही रचना निसर्गाची नसून माणसाच्या हातची आहे आणि तीत काही योजना आहे, एवढे त्यांनी निःशंकपणे ओळखले. ती योजना कोणती, हे मात्र त्यांना उलगडले नाही.

आपल्या संशोधनाचा वृत्तान्त त्यांनी १८५० नंतरच्या काही वर्षांत रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला आणि १८६२ साली रॉयल आयरिश अकॅडमीपुढे अधिक विस्ताराने मांडला. या निबंधांत त्यांनी शिळांच्या कर्त्यांविषयी एक सिद्धान्त पुढे केला. ब्रिटन, आयर्लंड आणि फ्रान्समधील ब्रिटनी प्रांतात अशीच शिळावर्तुळे आणि फरश्यांच्या खोल्या आहेत. त्यांच्याशी दख्खनच्या रचनांचे साम्य इतके आहे की दोन्ही एकाच मूळच्या लोकांची असली पाहिजेत, असे त्यांना वाटले. मध्य आशियातील शक लोकांची एक शाखा पश्चिमेकडे युरोपात गेली, दुसरी दक्षिणेकडे हिंदुस्थानात उतरली, असा त्यांचा कयास होता. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस याने शक राजांच्या दफनविधीचे जे वर्णन केले आहे त्यात राजासोबत सेवकांना मारून पुरण्याची चाल सांगितली आहे. जेवर्गीच्या काही थडग्यांत सांगाडे विस्कळीत होते, काहींची मस्तके धडापासून वेगळी होती. टेलर यांनी या दोन गोष्टींची सांगड घातली आणि नरबळीचा निष्कर्ष काढला.

हा सिद्धान्त पुढे टिकला नाही. युरोपातील बहुतेक महाश्म हे नवाश्मयुगातील, म्हणजे लोखंडाचा शोध लागण्याच्या कितीतरी आधीचे आहेत. दख्खनच्या थडग्यांत लोखंड आहे. दोहोंमध्ये हजारो वर्षांचे अंतर आहे, आणि केवळ दगड उभे करण्याच्या पद्धतीतील साम्यावरून वंशाचे नाते जुळविता येत नाही. मोठा दगड उभा करून त्यावर दुसरा ठेवणे ही कल्पना निरनिराळ्या देशांतील माणसांना स्वतंत्रपणे सुचू शकते. विस्कळीत हाडांचे कारणही वेगळे असू शकते: काही समाजांत शव आधी अन्यत्र ठेवून नंतर हाडे गोळा करून पुरण्याचा प्रघात असतो, आणि दक्षिणेतील अनेक महाश्मयुगीन दफनांचा असाच अर्थ आज लावला जातो. एकोणिसाव्या शतकातील युरोपीय विद्वानांना हिंदुस्थानातील प्रत्येक उल्लेखनीय गोष्टीचे मूळ बाहेर शोधण्याची जी सवय होती, तिच्यापासून टेलर हेही मुक्त नव्हते.

शिळांच्या अभ्यासाला खंड पडला तो राजकीय घडामोडींनी. १८५३ साली राजे वेंकटप्पा नाईक यांच्या हाती कारभार सोपवून टेलर शोरापुराहून निघाले. त्याच वर्षीच्या तहाने निजामाने वऱ्हाड, रायचूर दुआब आणि नळदुर्गचा प्रांत कंपनीच्या हवाली केला होता. त्यांपैकी नळदुर्ग टेलर यांच्याकडे आला. तुळजापूर आणि धाराशिव या मराठी मुलखात, तरुणपणी पोलीस अधिकारी म्हणून जेथे ते हिंडले होते तेथेच, त्यांनी आता जमाबंदी आणि रस्त्यांचे काम हाती घेतले. तुळजाभवानीच्या या परिसराचे जे सूक्ष्म दर्शन ‘तारा’ या कादंबरीत घडते त्याची शिदोरी येथेच जमा झाली. १८५७ च्या उठावाच्या वेळी त्यांची रवानगी वऱ्हाडात बुलढाण्याकडे झाली आणि फारशी फौज हाताशी नसताना त्यांनी तो भाग शांत राखला.

शोरापूर मात्र शांत राहिले नाही. फेब्रुवारी १८५८ मध्ये तरुण राजांनी इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचलले. शोरापूरजवळ चकमक झाली, एक इंग्रज अधिकारी पडला आणि संस्थान बुडाले. राजे हैदराबादेस गेले असता पकडले गेले. टेलर यांनी त्यांची बंदिवासात भेट घेतली. ज्या मुलाला त्यांनी राज्यकारभाराचे धडे दिले होते तो आता त्यांच्याच सरकारचा राजद्रोही कैदी होता. देहान्ताची शिक्षा झाली. ती सौम्य करून अखेर काही वर्षांच्या कैदेवर आणण्यात आली. मद्रास इलाख्यातील कैदेच्या जागी नेले जात असता वाटेत, सोबतच्या अधिकाऱ्याच्या पिस्तुलातील गोळी लागून राजांचा अंत झाला. तो अपघात होता की आत्मघात, याचा निर्णय झाला नाही. शोरापूर आणि त्याच्या आसपासच्या प्रदेशात आज त्यांचे स्मरण स्वातंत्र्यासाठी लढलेला राजा म्हणून आदराने केले जाते.

या दुर्दैवी घटनेशी आणखी एक गूढ निगडित आहे. राजा आपल्या वयाच्या चोविसाव्या वर्षी मरण पावेल, असे त्याच्या जन्मपत्रिकेत वर्तविले होते आणि राणीने ही गोष्ट अनेक वर्षांपूर्वी आपल्याला विश्वासाने सांगितली होती, असा वृत्तान्त टेलर यांनी आत्मचरित्रात दिला आहे. देहान्ताची शिक्षा रद्द झाल्यावर भाकीत खोटे ठरले असे त्यांना वाटले. आणि थोड्याच दिवसांत मृत्यूची वार्ता आली. या प्रसंगाने टेलर यांच्या मनावर खोल ठसा उमटविला. त्यांनी त्याचे स्पष्टीकरण दिले नाही.

येथे त्यांच्या दोन प्रकारच्या नोंदींतील फरक लक्षात घेण्यासारखा आहे. जेवर्गीच्या थडग्याची नोंद कापलेल्या मातीसमोर उभे राहून, मोजपट्टी लावून, त्याच वेळी केलेली होती. पत्रिकेचा वृत्तान्त ज्या आत्मचरित्रात आहे ते आयुष्याच्या अखेरीस, घटनेनंतर जवळजवळ दीड तप लोटल्यावर लिहिले गेले. त्यात ममता होती, पश्चात्ताप होता आणि फलिताचे ज्ञानही होते. जी भाकिते खरी ठरत नाहीत ती विस्मरणात जातात आणि एखादे खरे ठरले की ते पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. शिवाय राजाच्या अंताला पत्रिकेबाहेरची उघड कारणे होती: उठाव, पराभव, कैद आणि मानहानी. ही गोष्ट विज्ञानाचा पुरावा म्हणून मांडता येत नाही. एका वडीलधाऱ्या माणसाच्या शोकाची ती साक्ष मात्र आहे, आणि त्या दृष्टीने ती विश्वसनीय वाटते.

१८६० साली प्रकृती ढासळल्याने टेलर मायदेशी परतले आणि पुढे आयर्लंडमध्ये डब्लिनजवळ राहू लागले. त्याच वर्षी नळदुर्ग आणि रायचूर निजामाला परत मिळाले आणि शोरापूरही निजामाच्या राज्यात सामील झाले. नंतर ते गुलबर्गा जिल्ह्याचा भाग बनले. निवृत्तीच्या काळात टेलर यांनी ‘तारा’ (१८६३), ‘राल्फ डार्नेल’ (१८६५) आणि ‘सीता’ (१८७२) या कादंबऱ्या लिहिल्या, विजापूरच्या वास्तूंवरील मोठ्या चित्रग्रंथाला हातभार लावला आणि हिंदुस्थानच्या इतिहासाचे एक पाठ्यपुस्तक सिद्ध केले. अखेरच्या काळात दृष्टी मंदावली. सालारजंग यांच्या निमंत्रणावरून १८७५ साली ते पुन्हा हैदराबादेस आले, पण प्रकृतीने साथ दिली नाही. परतीच्या वाटेवर फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील मांतों या गावी १३ मे १८७६ रोजी त्यांचे निधन झाले. आत्मचरित्र पुढील वर्षी त्यांच्या कन्येने प्रसिद्ध केले, आणि चांदबिबीवरील अखेरची कादंबरीही त्यांच्या पश्चातच वाचकांच्या हाती आली.

कादंबरीकार म्हणून त्यांचे नाव राहिले. संशोधक म्हणून ते बराच काळ झाकोळले. हैदराबाद संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख गुलाम याझदानी यांनी बीदरच्या वास्तूंवर प्रमाणभूत ग्रंथ लिहिला हे सर्वश्रुत आहे. त्यांनीच १९४१ साली टेलर यांचे विखुरलेले निबंध एकत्र करून पुनर्मुद्रित केले. १९४७ मध्ये सर मॉर्टिमर व्हीलर यांनी चित्रदुर्ग जिल्ह्यातील ब्रह्मगिरी येथे उत्खनन करून महाश्मयुगाचा कालक्रम बसविण्याचा पहिला पद्धतशीर प्रयत्न केला, तेव्हा शंभर वर्षांपूर्वीच्या टेलर यांच्या छेदचित्रांचा त्यांनी गौरव केला. व्हीलर यांनी ठरविलेला काळही पुढे मागे न्यावा लागला. कोळशातील किरणोत्सारी कर्बाच्या मापनाने दक्षिणेतील लोहयुगाचा आरंभ इसवी सनापूर्वी सुमारे १००० वर्षांपर्यंत, काही ठिकाणी त्याहूनही मागे जातो. विदर्भात नागपूरजवळ जुनापाणी, माहुरझरी, नैकुंड येथील शिळावर्तुळे याच व्यापक परंपरेतली आहेत, आणि नैकुंडला लोखंड गाळण्याची भट्टीही सापडली आहे. शिळा उभ्या करणारे लोक लोहविद्येत निपुण होते, हे आता निर्विवाद आहे.

शोरापूरच्या मातीने याहूनही प्राचीन रहस्ये उघड केली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. के. पद्दय्या यांनी हुणसगी-बैचबाळ खोऱ्यात अनेक दशके संशोधन करून आदिमानवाच्या हत्यारांची शेकडो ठिकाणे उजेडात आणली. १९९७ ते २००१ या काळात इसामपूर येथे झालेल्या उत्खननात चुनखडीच्या फरश्यांपासून हत्यारे घडविण्याची जागाच सापडली. तिचा काळ सुमारे बारा लक्ष वर्षांपूर्वीचा असावा, असे एक मापन आहे. त्याच तालुक्यातील बुदिहाळ येथील राखेच्या टेकाडाचा अभ्यासही त्यांनी केला. अशी टेकाडे ज्वालामुखीची वा राक्षसांच्या चितांची असावीत, असे तर्क पूर्वी होते. ती नवाश्मयुगीन गोपालकांच्या गुरांच्या वाड्यांतील शेण साठून व जळून झालेली आहेत, हे आता सिद्ध झाले आहे. टेलर यांचा घोडा ज्या वाटांनी गेला, त्या वाटांखाली एवढा दीर्घ काळ निद्रिस्त होता.

विभूतिहळ्ळीच्या धोंड्यांचे काय? एफ. आर. ऑलचिन यांनी १९५६ साली या भागातील शिळारांगांचे सर्वेक्षण प्रसिद्ध केले. पुढे खगोलशास्त्रज्ञ एन. कामेश्वर राव यांनी रांगांच्या दिशा तपासल्या आणि अयनदिन व विषुवदिनाच्या सूर्योदय-सूर्यास्तांशी त्यांचा मेळ असल्याचे मत मांडले. शेतीवर जगणाऱ्या समाजाने ऋतू ओळखण्यासाठी क्षितिजावरील सूर्याची जागा दगडांनी बांधून ठेवावी, हे संभवनीय आहे. तथापि नियमित चौकटीत मांडलेल्या पुष्कळ दगडांतून अनेक दिशांच्या रेषा आपोआपच निघतात. त्यांतील कोणत्या रेषा मांडणाऱ्याच्या मनात होत्या, हे ठरविणे सोपे नसते. हे कोडे आजही पूर्ण सुटलेले नाही. ज्या आराखड्यापासून त्याच्या विचाराला प्रारंभ झाला, तो टेलर यांचा होता.

मेडोज टेलर यांचा सिद्धान्त चुकला, आणि तो चुकल्याचे ज्या सामग्रीच्या आधारे दाखविता येते तिच्यातील महत्त्वाचा भाग त्यांनीच जपून ठेवला. वस्तू जेथे होती तेथे ती होती, एवढे त्यांनी प्रामाणिकपणे लिहून ठेवले आणि आपला तर्क त्यापासून वेगळा मांडला. त्यामुळे तर्क बाजूला सारून नोंद वापरणे पुढच्या पिढ्यांना शक्य झाले. निसर्गाची वा इतिहासाची गूढे एका माणसाच्या आयुष्यात क्वचितच सुटतात. पुढच्याला उपयोगी पडेल अशी नोंद मागे ठेवणे हेच बहुधा शोधकाच्या हाती असते.

शोरापूर आणि शहापूर २००९ च्या अखेरीस नव्या यादगीर जिल्ह्यात गेले. जेवर्गी कलबुर्गी जिल्ह्यातच राहिले. शेतीचा विस्तार, दगडांच्या खाणी आणि रस्ते यांच्या रेट्यात ठिकठिकाणची शिळावर्तुळे नाहीशी होत आली आहेत. हललेला दगड पुन्हा जागी ठेवता येतो, पण त्याची मूळ जागा गेली की त्याचे बोलणे थांबते. म्हणूनच टेलर यांच्या छेदचित्रांना आज नवे मोल आले आहे. त्यांनी पाहिलेली काही थडगी आता केवळ त्या कागदांवर उरली आहेत. मोर्यांच्या घरांतील जी अद्याप जमिनीवर उभी आहेत, त्यांच्याकडे पाहण्याची दृष्टी या सीमाभागातील नव्या वाचकाला त्या कागदांतूनच मिळेल.